पावसाच्या बाजूचे बंदर

कॅरिबियन समुद्रातल्या क्रूझवर मित्रमंडळींचा एखादा कंपू निघाला, की त्यांच्या आठवड्यातले तीन-चार दिवस किनाऱ्याचे असतात. सकाळी आठच्या सुमारास जहाज धक्क्याला लागते आणि दुपारी चार-पाचला पुन्हा सुटते. मधल्या वेळात जे पाहायचे ते पाहून घ्यायचे. नेमके तेव्हाच आभाळ भरून आले आणि सरींवर सरी सुरू झाल्या, की दिवस वाया गेला असे सगळे एकमुखाने म्हणतात. ठरवलेली गाडी, आगाऊ भरलेले पैसे, पुळणीवर लोळायचा बेत, सगळेच फुकट. जहाज कंपनीच्या माहितीपत्रकात निळे पाणी आणि लख्ख ऊन यांखेरीज तिसरे काही छापलेले नसते, त्यामुळे पाऊस हा या प्रवासातला अपघात आहे अशी प्रवाशाची समजूत होणे साहजिक आहे. पण या समजुतीला इतिहासाचा आधार नाही. कॅरिबियनमधला सागरी सहलींचा नियमित धंदा उभा राहिला तो पावसाच्या जोरावर. ऊन विकायला सुरुवात झाली नंतर, आणि मग एकेक पायरी करत पावसाला त्या धंद्याबाहेर काढण्यात आले. आधी पावसाळी बंदर मागे पडले, मग बेटांशी असलेला मालवाहतुकीचा संबंध तुटला, आणि शेवटी जहाज कंपन्यांनी स्वतःची सपाट बेटे वसवली. हे कसे घडले ते नीट पाहिले, तर किनाऱ्यावरच्या भिजलेल्या दिवसाकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

हा इतिहास सर्वांत स्पष्ट दिसतो तो जमैकाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या पोर्ट अँटोनियो या बंदरात. जमैकावर वर्षभर ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. समुद्रावरून बाष्प घेऊन येणारे हे वारे ब्लू माउंटन्स आणि जॉन क्रो या डोंगररांगांवर आदळतात आणि पोर्टलँड परगण्यात मोकळे होतात. तिथल्या डोंगरात वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डोंगरापलीकडे, सरळ रेषेत फार दूर नसलेल्या किंग्स्टन शहरात तो 1000 मिलिमीटरही होत नाही. महाबळेश्वरात ढग रिते होतात आणि पूर्वेला माण-खटाव कोरडे राहते, तोच हा प्रकार. पोर्टलँडचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की उरलेल्या कॅरिबियनमध्ये डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ मानला जातो, पण इथे नोव्हेंबर-डिसेंबर हेच सर्वांत ओले महिने. उत्तर अमेरिकेतून थंड हवेच्या लाटा खाली उतरतात, त्या जमैकाच्या उत्तर किनाऱ्याला भर हिवाळ्यात भिजवून जातात. म्हणजे बॉस्टन किंवा न्यूयॉर्कचा माणूस थंडीला कंटाळून ज्या दिवसांत इकडे येई, त्याच दिवसांत पोर्ट अँटोनियोत पावसाचा जोर असे. तरीही जमैकातल्या सहलींचे पहिले मोठे केंद्र ठरले ते हेच गाव. ऊन हे जर या धंद्याचे मूळ असते, तर पहिले जहाज इथे लागायलाच नको होते.

ते लागले याचे कारण केळी. बेटांवर दीड-दोनशे वर्षे साखरेचे राज्य होते, आणि उसाला तोडणीआधी कोरडे दिवस लागतात, म्हणून मोठे मळेवाले पोर्टलँडसारख्या ओल्या, उताराच्या जमिनीकडे फारसे वळले नाहीत. 1838 मध्ये गुलामगिरीतून पूर्ण सुटका झाल्यावर मळ्यांपासून दूर जाऊ पाहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना जी जमीन मिळू शकली, ती बरीचशी अशा डोंगराळ भागातली होती. तिथे त्यांनी सुरण, कोको यांसोबत केळीही लावली. केळीला महिन्यामागून महिना पाऊस हवा असतो आणि तो इथे होताच. 1870 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वेलफ्लीटचा लोरेन्झो डाउ बेकर नावाचा कप्तान ‘टेलिग्राफ’ हे आपले शिडाचे जहाज घेऊन जमैकात थांबला. त्याने 160 घड विकत घेतले आणि अकरा दिवसांनी ते न्यूयॉर्कसमोरच्या जर्सी सिटीत नफ्याने विकले. पुढे त्याने पोर्ट अँटोनियोत बस्तान बसवले, 1885 मध्ये बॉस्टन फ्रूट कंपनी निघाली आणि 1899 मध्ये तिच्यासह इतर कंपन्या एकत्र होऊन युनायटेड फ्रूट कंपनी तयार झाली. विसावे शतक उजाडेपर्यंत जमैकाच्या निर्यातीत केळीने साखरेला मागे टाकले होते. या सगळ्या उलाढालीचा आरंभ छोट्या शेतकऱ्यांच्या परसातल्या केळीत आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कंपनीच्या इतिहासात कप्तानाचे नाव पहिले येते, पण त्याने जे विकत घेतले ते पावसाने आणि नुकत्याच मोकळ्या झालेल्या माणसांनी आधीच पिकवून ठेवले होते.

केळीची जहाजे दक्षिणेकडे येताना जवळजवळ रिकामी येत. हा रिकामा फेरा भरून काढायला कंपनीने प्रवासी घेतले. उन्हाची उष्णता परतवून फळ थंड राहावे म्हणून जहाजे पांढरी रंगवलेली असत. त्यावरूनच युनायटेड फ्रूटचा ताफा ‘ग्रेट व्हाइट फ्लीट’ या नावाने जाहिरातींत झळकू लागला. 1904 पासून तिने शीतकरणाची यंत्रे बसवलेली जहाजे खास बांधून घेतली, आणि पुढच्या काही वर्षांत एकेका जहाजावर शंभरेक प्रवाशांची चांगली सोय झाली. जहाजावर फळ पाहुणे आणि प्रवासी उपद्रवी, असे खलाशी आपसात म्हणत. त्या बोलण्यात कामाचा खरा क्रम होता. झाडावरून उतरवलेला घड दिवसभरात जहाजात चढायला हवा, नाहीतर वाटेत पिकतो. त्यामुळे जहाज किती वेळ बंदरात थांबणार हे घडांच्या संख्येवर ठरे, आणि प्रवाशाचा किनाऱ्यावरचा दिवस म्हणजे माल भरायला लागणारा वेळ. पाऊस आला म्हणून भरणी थांबत नसे. डोक्यावर घड घेतलेल्या बायका आणि पुरुष भरपावसात, अनेकदा रात्रभर, धक्क्यावरून जहाजापर्यंत खेपा करत. मोजणीदार प्रत्येक घड पाहून त्याला किती फण्या आहेत ते सांगे, आणि नऊ फण्या असतील तरच तो पूर्ण घड धरला जाई. रात्रपाळी संपून उजाडण्याची वाट पाहणाऱ्या याच मजुरांचे गाणे 1956 मध्ये हॅरी बेलाफाँटेच्या आवाजात जगभर गेले. आज ते क्रूझच्या डेकवर पाहुण्यांच्या करमणुकीसाठी वाजते. पोर्टलँड आणि शेजारच्या सेंट मेरी परगण्यातल्या केळीच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारावर नेलेले मजूरही राबत होते. 1845 ते 1917 या काळात सुमारे 36,000 भारतीय जमैकात उतरले. त्यांतले बहुतेक उत्तर प्रदेश आणि बिहारकडचे.

इथे पहिला आक्षेप येतो. सागरी सहली केळीच्या जहाजांनी सुरू केल्या असे कसे म्हणता येईल? रॉयल मेल कंपनीची टपालबोट 1840 च्या दशकापासून वेस्ट इंडीजला येत होती आणि कादंबरीकार अँथनी ट्रॉलप अशाच प्रवासावरचे पुस्तक 1859 मध्ये छापून मोकळा झाला होता. 1891 मध्ये किंग्स्टनला मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले आणि त्याच्या तयारीत सरकारने हॉटेले बांधण्यासाठी कायदा करून मदत दिली. शिवाय केवळ सहलींसाठी बांधलेले पहिले जहाज म्हणून ज्याचे नाव घेतले जाते ते ‘प्रिन्त्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ जर्मन कंपनीचे होते. 1901 मध्ये ते वेस्ट इंडीजच्या सफरीवर आले, आणि डिसेंबर 1906 मध्ये किंग्स्टनच्या तोंडाशी खडकावर चढून फुटले. हे सगळे खरे आहे. पण टपालबोटीने येणारा माणूस कामाने येई किंवा महिनोन्‌महिने राहायला येई. जर्मन जहाज हे थोड्या श्रीमंतांचे तरंगते निवासस्थान होते आणि त्याच्या सफरी हंगामी होत्या. प्रदर्शनासाठी बांधलेली हॉटेले प्रदर्शन संपल्यावर अडचणीत आली, कारण माणसे आणणारी पक्की व्यवस्था नव्हती. ठरलेल्या वाराला सुटणारे जहाज, त्याच कंपनीचा धक्का, धक्क्यावरच्या टेकडीवर त्याच कंपनीचे हॉटेल आणि परतीचे पक्के तिकीट, ही साखळी प्रथम केळीच्या धंद्याने जुळवली. पोर्ट अँटोनियोचे ‘टिचफील्ड’ हॉटेल बेकरने उभारले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते चांगले प्रशस्त झाले. आजच्या क्रूझ कंपन्या जहाज, धक्का आणि दुकाने एकाच हातात ठेवतात, ती रीत इथली आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. धंदा केळीने उभारला असेल, पण प्रवासी आला तो उन्हासाठीच. पाऊस त्याने सोसला, एवढेच. याचे उत्तर त्या काळच्या जाहिराती आणि छायाचित्रे देतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वेस्ट इंडीज म्हणजे गोऱ्या माणसाचे थडगे अशी ख्याती होती. पिवळा ताप आणि हिवताप दमट हवेतून, कुजक्या वाफेतून येतात असे मानले जाई, त्यामुळे पावसाची भीती खरी होती. 1881 मध्ये हवानाच्या कार्लोस फिनलेने पिवळ्या तापासाठी डासांकडे बोट दाखवले आणि 1900 मध्ये वॉल्टर रीडच्या पथकाने क्यूबात ते सिद्ध केले. तापाचे खापर हवेवरून उतरले, आणि तीच दमट हिरवाई मिरवण्याची वस्तू झाली. क्रिस्टा थॉम्प्सन या अभ्यासिकेने 2006 च्या आपल्या पुस्तकात जमैका आणि बहामामधली जुनी पर्यटनचित्रे तपासून दाखवले आहे, की त्या काळी विकले जात होते ते उष्ण कटिबंधाचे नीटनेटके, हिरवेगार निसर्गचित्र. त्यात केळीच्या बागा होत्या, नेचे होते, नदीचे वळण होते, डोक्यावर ओझे घेतलेली बाई होती. पुळणीवर उघड्या अंगाने पडलेला पाहुणा नव्हता, कारण तशी रीतच नव्हती. उन्हापासून कातडी जपणे हे तेव्हा भद्रपणाचे लक्षण होते. हॉटेलचे खरे दालन म्हणजे रुंद व्हरांडा, आणि व्हरांड्यात बसून सर पाहता येते. तेव्हाचा पाहुणा दोन-तीन आठवड्यांसाठी येई, त्यामुळे एका दिवसाच्या पावसाने त्याचे काही बुडत नसे. त्याने पाहिलेला निसर्ग सजवलेला होता हे मान्य करायला हवे. पण जे सजवले होते ते पावसाने वाढलेले होते.

सूर्याची बाजू वर आली ती हळूहळू. 1906 मध्ये माँटेगो बे या वायव्येकडच्या गावात मॅककॅटी नावाच्या डॉक्टरांनी आपली किनाऱ्याची जागा समुद्रस्नानाच्या क्लबासाठी दिली. ‘डॉक्टर्स केव्ह’ या नावाने ती पुढे प्रसिद्ध झाली. समुद्रात बुडी मारणे प्रकृतीला चांगले, हा विचार त्यामागे होता. 1920 च्या दशकात युरोप-अमेरिकेत उन्हाने तांबूस झालेली कातडी फॅशनमध्ये आली, आणि पोर्टलँडच्या मानाने कितीतरी कमी पावसाचे माँटेगो बे पुढे सरकले. त्याच सुमारास केळीवर संकटे येत होती. ऑगस्ट 1903 च्या चक्रीवादळाने पोर्ट अँटोनियोच्या परिसरातल्या बागा झोपवल्या होत्या, त्यातून धंदा सावरला. जमैकाची निर्यात 1937 मध्ये दोन कोटी साठ-सत्तर लाख घडांच्या शिखरावर पोचली. पण मातीतून पसरणारा पनामा रोग ‘ग्रो मिशेल’ या तेव्हाच्या मुख्य जातीला खात चालला होता आणि नोव्हेंबर 1940 मध्ये युद्धामुळे ब्रिटनने केळीची आयातच बंद केली. युद्धानंतर एरल फ्लिन हा नट आपल्या नौकेतून पोर्ट अँटोनियोला आला आणि रमला. रिओ ग्रांदे नदीवरून केळी खाली आणणाऱ्या बांबूच्या तराफ्यांवर पाहुण्यांना बसवण्याची कल्पना त्याच्या नावावर सांगतात. ज्या तराफ्यावर घड असत त्यावर आता दोघांचे बाकडे आले. माल गेला आणि मालाची वाट तेवढी सहलीसाठी उरली, ही गोष्ट त्या तराफ्याइतकी उघडपणे दुसऱ्या कशात दिसत नाही.

आजची क्रूझ मात्र या बंदरात जन्मली नाही. तिचे घर मायामी. 1958 नंतर अटलांटिक ओलांडणारे प्रवासी विमानाकडे वळले आणि मोठी प्रवासी जहाजे बेकार झाली. ‘सनवर्ड’ हे नॉर्वेजियन जहाज साउथॅम्प्टन-जिब्राल्टर मार्गासाठी बांधले होते. स्पेनने जिब्राल्टरची कोंडी केल्याने तो मार्ग बसला. मायामीतल्या टेड ॲरिसनला जहाज हवे होते, मालक क्नूट क्लोस्टरला काम हवे होते, आणि डिसेंबर 1966 मध्ये ‘सनवर्ड’ मायामीहून बहामाकडे निघाले. पाठोपाठ 1968 मध्ये रॉयल कॅरिबियन आणि 1972 मध्ये कार्निव्हल या कंपन्या आल्या. या जहाजांचा धंदा मालावर चालत नव्हता, म्हणून बेटावर थांबण्याचे मालासारखे सक्तीचे कारणही उरले नाही. कारण उरले ते कायद्याचे. 1886 च्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेता येत नाहीत, आणि अमेरिकी बंदरातून निघून तिथेच परतायचे तर मध्ये परदेशी बंदराला शिवावे लागते. बहामातल्या नसाऊला इतकी जहाजे लागतात त्यात या कलमाचा मोठा वाटा आहे. जहाजावरचा जुगारखाना बहुतेक बंदरांत बंद ठेवावा लागतो, दुकानेही बंद राहतात, म्हणून बंदरातला मुक्काम लांबवण्यात कंपनीचा फायदा नसतो. भरीला, पूर्वी हिवाळ्यापुरत्या असलेल्या सफरी आता बारमाही झाल्या. मे ते नोव्हेंबर हा बेटांचा खरा पावसाळा, त्यातच जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा काळ, आणि दुपारच्या उष्णतेने ढग साचून सर येते तीही नेमकी किनाऱ्यावरच्या तासांत. एका बाजूने पावसात जाणारे प्रवासी कितीतरी पटींनी वाढले, आणि दुसऱ्या बाजूने त्यांना दिलेला वेळ एका दिवसावर आला. पाऊस होता तेवढाच राहिला. आखडला तो दिवस, आणि वाया जाण्याची भीती त्या आखडण्यातून आली.

यावर कंपन्यांनी शोधलेला तोडगा म्हणजे खासगी बेट. नॉर्वेजियन कंपनीने 1977 मध्ये बहामातले ग्रेट स्टिरप के हे बेट घेतले. रॉयल कॅरिबियनने 1986 मध्ये हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरचा लाबादीचा तुकडा भाड्याने घेतला, डिस्नीचे कास्टअवे के 1998 मध्ये सुरू झाले, आणि रॉयल कॅरिबियनच्याच कोकोके बेटावर 2019 मध्ये पाण्याच्या घसरगुंड्यांचे भलेमोठे उद्यान उभे राहिले. यांतली बहुतेक बेटे बहामात आहेत हे लक्षात घेण्यासारखे आहे. बहामा हा चुनखडीच्या सपाट बेटांचा देश. त्याचा सर्वांत उंच माथा अवघा 63 मीटरचा आहे, त्यामुळे वाऱ्याला अडवून पाऊस पाडेल असा डोंगर तिथे नाही. कोणी म्हणेल, कंपन्यांना पावसाशी काय देणेघेणे, त्यांना हवा होता खर्चावर ताबा, प्रवाशाचा प्रत्येक डॉलर आपल्याच गल्ल्यात. हे बरोबर आहे, आणि मायामीची जवळीकही कारण आहे. पण ताबा म्हणजे शेवटी अनिश्चित गोष्टी कमी करणे, आणि पाऊस ही त्या अनिश्चित गोष्टींतली एक. गावातला टॅक्सीवाला, बाजारात फळे विकणारी बाई, भाव करणारा कारागीर आणि डोंगरावरून उतरणारी सर, ही सगळी एकाच वेळी बाजूला पडली. त्यांच्यापैकी पावसाला काही तोटा नाही. टॅक्सीवाल्याला आणि बाजारकरणीला मात्र आहे, आणि तो रोजचा आहे.

बेटावर राहणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिले तर वाया गेलेला दिवस हा हिशेबच उलटा होतो. सेंट थॉमस हे कॅरिबियनमधल्या गजबजलेल्या क्रूझ बंदरांपैकी एक. डेन्मार्कच्या अमलात ते खुले बंदर होते आणि 1917 मध्ये ते अमेरिकेकडे गेले. तिथल्या जाड भिंतींच्या जुन्या वखारींत आता दागिन्यांची दुकाने आहेत, आणि पाऊस आला की प्रवासी त्यांच्यात शिरतात. त्याच बेटावर घर बांधायचे तर छपरावरचे पाणी साठवणारे टाके बांधण्याची कायद्याने सक्ती आहे. पागोळ्यांचे पाणी हेच पिढ्यान्‌पिढ्या घरातले पाणी. अँटिग्वात बारमाही नदी नाही. तिथला पॉटवर्क्स जलाशय दुष्काळात तळाला जातो आणि समुद्राचे पाणी गोडे करून प्यावे लागते. तिथल्या लेखिका जमैका किंकेड यांनी 1988 च्या ‘अ स्मॉल प्लेस’ या छोट्या पुस्तकात अगदी सुरुवातीलाच या विसंगतीवर बोट ठेवले आहे: पाहुण्याला न बरसणारे आभाळ हवे असते आणि रहिवाशाला त्याच आभाळाची चिंता लागलेली असते. जहाजांवर राबणाऱ्यांत आपली माणसेही पुष्कळ आहेत. गोव्यातली तारवटी घराणी पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर गेली, आज त्यांची मुले कॅरिबियनच्या क्रूझवर स्वयंपाकघरात आणि खोल्यांच्या कामावर आहेत. मिळाले तर दोन-चार तास किनाऱ्यावर उतरून घरी फोन करणे हा त्यांचा बंदरातला दिवस.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. केळीच्या काळाची अशी आठवण काढणे म्हणजे युनायटेड फ्रूटचे पाप धुणे नाही का? 1928 मध्ये कोलंबियात सिएनागा येथे संपावरच्या केळी कामगारांवर लष्कराने गोळ्या झाडल्या. 1954 मध्ये ग्वाटेमालाचे निवडून आलेले सरकार उलथवण्यामागे या कंपनीचे हितसंबंध होते. जमैकातही भाव ठरवणारा हात तिचाच होता, आणि धक्क्यावर भिजत घड वाहणाऱ्या बाईला मिळणारी मजुरी तुटपुंजी होती. तो काळ चांगला होता असे मी म्हणत नाही. माझा दावा त्याहून मर्यादित आहे. त्या व्यवस्थेत पाहुणा आणि बेट एकाच आर्थिक धाग्याने बांधलेले होते, आणि तो धागा पावसावर अवलंबून होता. पाऊस कमी झाला तर बाग सुकणार, घड येणार नाहीत, जहाज येणार नाही आणि पाहुणाही येणार नाही. शोषण दोन्ही काळांत आहे. पण तेव्हाच्या शोषणकर्त्याला डोंगरात काय पिकते आणि किती पाऊस झाला ते विचारावे लागे, आताच्याला लागत नाही. या न विचारण्याची किंमत छोट्या बेटांनी मोजली आहे.

डॉमिनिका हे त्याचे उदाहरण. डोंगरच डोंगर, आतल्या भागात वर्षाला 7000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पांढऱ्या वाळूऐवजी बऱ्याच ठिकाणी ज्वालामुखीची काळी वाळू. 1950 च्या दशकापासून गीस्ट कंपनीची जहाजे इथली केळी ब्रिटनला नेत आणि मोजके प्रवासीही नेत-आणत. छोट्या शेतकऱ्यांच्या हातात आठवड्याचा पैसा त्यातून आला. युरोपने या बेटांना दिलेल्या सवलतीविरुद्ध अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि 1997 मध्ये निकाल सवलतीविरुद्ध गेला. त्या तक्रारीमागे जोर लावणारी चिकिटा कंपनी ही युनायटेड फ्रूटचीच वारस. केळी घसरली तशी भिस्त पर्यटनावर आली, पण उन्हाच्या बाजारात डॉमिनिकाला जागा कमीच होती. म्हणून तिने आपल्याजवळ जे होते तेच पुढे केले: 1975 मध्ये राखीव केलेले आणि 1997 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेले मोर्न ट्र्वा पितों राष्ट्रीय उद्यान, उकळते सरोवर, ट्रफाल्गरचे जुळे धबधबे. जमैकात ओचो रिओसजवळचा डन्स रिव्हर धबधबा चढून जाणे, फाल्मथच्या मागची मार्था ब्रे नदी तराफ्यावरून पाहणे, प्वेर्तो रिकोत एल युंकेच्या जंगलात हिंडणे, ही क्रूझवाल्यांना हमखास विकली जाणारी सगळी किनारी आकर्षणे पावसाचीच आहेत. पावसाचा जोर फार असला की डन्स रिव्हर बंद ठेवावा लागतो, तेव्हा भिजलेला प्रत्येक दिवस साजरा करण्यासारखा असतो असेही नाही. 18 सप्टेंबर 2017 ला मारिया चक्रीवादळाने डॉमिनिकाची छपरे उडवली आणि जंगलाची पाने ओरबाडली. असल्या पावसाचे कौतुक तिथला कोणी करणार नाही. पण डॉमिनिकातल्या रोसोच्या धक्क्यावर उतरून दरीकडे जाणाऱ्या मित्रांच्या कंपूला वाटेत सर गाठते, ती सर या बेटाचा नेहमीचा पाऊस आहे. ते ज्या धबधब्याकडे निघालेले असतात त्याचे पाणी या पावसातूनच येते, त्यातल्या काही पाण्यावर बेटाची वीजही तयार होते, आणि धबधब्यापर्यंत नेणाऱ्या वाटाड्याची त्या दिवसाची मिळकतही त्यातूनच होते.